एकतिसावी चिठ्ठी

चिठ्ठी उलगडली, वाचायला तोंड उघडलं आणि दिगंबर सर खोकले. खोकला खोटा होता. घसा साफ करण्याच्या निमित्ताने त्यांनी चिठ्ठी तळहातात मिटली, पाण्याचा घोट घेतला, टेबलावरचा पत्र्याचा डबा उगाच हलवून पाहिला आणि हसून म्हणाले, "संपल्या वाटतं. तीस झाल्या." झाल्या होत्या एकतीस. लोणावळ्याच्या वाचनालयात रविवारी सकाळी जमलेल्या माणसांपैकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही, निदान सरांना तसं वाटलं. टाळ्या झाल्या, कुणीतरी आभार मानले, चहा आला. तेवढ्यात एकतिसावी चिठ्ठी झब्ब्याच्या खिशात गेली आणि तिथून मांडीला टोचायला लागली. कागदाचा कपटा तो, टोचेल कसा? पण टोचत होता.

सभा सरांनीच घडवून आणली होती. वाचक मंडळात दर महिन्याला एक विषय असतो, आणि चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला पुन्हा एकदा फळा, खडू आणि ऐकणारी माणसं मिळाली की त्याच्या अंगात वारं शिरतं. 'समाजापुढचे तातडीचे लैंगिक प्रश्न' असं त्यांनी फळ्यावर ठळक लिहिलं, तेव्हा चिटणीसबाई अवघडून म्हणाल्या होत्या, "लैंगिकच्या जागी कौटुंबिक लिहिलं तर नाही का चालणार?" सरांनी ते हसण्यावारी नेलं. ज्या गोष्टीचं आपण नाव घेत नाही तीच आपल्या मानगुटीवर बसते, हे वाक्य त्यांनी दोन दिवस आधीपासून तयार ठेवलं होतं, ते वापरलं. लोकांनी मोकळेपणाने लिहावं म्हणून प्रत्येकाने नाव न घालता घरूनच चिठ्ठी लिहून आणायची, ही युक्तीही त्यांचीच. आणि लोकांनी खरंच लिहिलं. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना सगळ्या रोगाचं मूळ मोबाइलमध्ये दिसत होतं. दवाखान्यात नर्स असलेल्या सविताताईंचं म्हणणं, पोरींची लग्नं अजून अठराच्या आत उरकतात, आधी ते बघा, मोबाइल मग. पवनानगरहून पहाटेची बस धरून आलेले दत्तोबा उठून म्हणाले, "सर, धरनाच्या कडंला तंबूच तंबू झाल्यात. पोरंपोरी येत्यात, ऱ्हात्यात. आमच्या पोरांनी काय बघायचं? पर माजाच नातू तंबू भाड्यानं देतो, तवा मी कुनाला बोलू?" त्यावर सगळे हसले, दत्तोबाही हसले. मग एक चिठ्ठी अशी निघाली की माझा मुलगा मुलीशी लग्न करणार नाही म्हणतो, त्याला मुलगा आवडतो, मी रागावलो नाही, पण हे बोलायचं कुणाशी? सरांनी ती फार हळुवार वाचली. तरुण डॉक्टर प्रेरणा संमतीवर बोलली. गप्प बसणं म्हणजे रुकार नव्हे, एवढं जरी आपण मुलांना शिकवलं तरी निम्मे प्रश्न सुटतील, असं ती म्हणाली, तेव्हा सरांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. मावळात असा माणूस विरळा, असं त्या क्षणी त्यांचं स्वतःविषयी मत झालं. त्यानंतर त्यांनी डब्यात हात घातला.

'लग्नाच्या बायकोलासुद्धा विचारायचं असतं, हे पुरुषांना कोण सांगणार? मला कधीच कुणी विचारलं नाही.' एवढंच. खाली नाव नाही, रेघ नाही. पण कागदाला वरच्या बाजूला निळ्या कमळांची किनार होती, आणि ती किनार सरांच्या घरची होती. तळहाताएवढ्या त्या वह्या संक्रांतीपासून घरात जिकडेतिकडे पडलेल्या. एक फ्रिजवर, एक देवघराच्या फळीवर, एक त्यांच्या बायकोच्या, सरोजिनीच्या, पर्समध्ये. वाणसामानाची यादी त्याच कागदावर, दूधवाल्याला निरोप त्याच कागदावर. अक्षर मात्र तिचं नव्हतं. तिचं अक्षर उजवीकडे झुकतं, हे सरळ उभं होतं, एकेक काना ताठ. हजारो पेपर तपासलेला माणूस अक्षराला फसत नाही, हा सरांचा अभिमान. म्हणून तर त्यांना खात्री वाटायला लागली. दुसऱ्या कुणाला अक्षर लपवायचं कारण काय? लपवणार तीच, जिला वाचणारा अक्षर ओळखेल अशी भीती आहे. हा तर्क त्यांना बिनतोड वाटला.

गाडीत बसल्यावर सरोजिनीने पट्टा लावला, पदर नीट केला आणि विचारलं, "खोकला कसला आला होता मघाशी?" साधा प्रश्न. तीस वर्षांत हजारदा विचारला असेल. पण सरांना त्यात खाचखळगा दिसला. "खडूची सवय गेली ना," ते म्हणाले. ती "हं" म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली. हे "हं" कशाचं? समजलं म्हणून, की समजून घेतलं म्हणून? त्यांना पवनेच्या काठी कैलासकडे जेवायला जायचं होतं. कैलास त्यांचा जुना विद्यार्थी. नोकरीची पहिली दहा वर्षं सर पवनेच्या खोऱ्यातल्या शाळेत होते, तेव्हा तो वर्गात शेवटच्या बाकावर बसून चिंचा खायचा. आता त्याने धरणाकाठी बारा तंबू टाकले होते आणि त्या तंबूंचा आज सत्यनारायण होता. मळवली मागे पडली, भाजे गेलं, रस्ता वर चढायला लागला. मार्चचं ऊन गाडीच्या काचेवर तापत होतं. सर एक डोळा रस्त्यावर आणि एक डोळा बायकोवर ठेवून गाडी हाकत होते. सभेत ती तिसऱ्या रांगेत बसली होती. प्रेरणा बोलली तेव्हा ती कुठे बघत होती? चिठ्ठ्या संपल्या म्हटल्यावर तिने डब्याकडे पाहिलं होतं का? पाहिलं होतं. नाही, चिटणीसबाईंनी पाहिलं होतं. की दोघींनी? माणूस एकदा संशयाच्या वाटेला लागला की त्याला दगडातसुद्धा डोळे दिसतात.

लोहगडवाडीत ट्रेकवाल्या पोरांची गर्दी होती. सरोजिनीला ताक हवं होतं. टपरीवर बसल्या बसल्या सरांना एक नामी युक्ती सुचली, म्हणजे त्यांना ती नामी वाटली. "अगं, दत्तोबांनी नंबर दिलाय, लिहून घे जरा," ते म्हणाले, "आणि त्याखाली लिही, पुढच्या सभेला बोलवायचं, आधी विचारायचं." तिने पर्समधून वही काढली. निळी कमळं. तिने लिहिलं, पान फाडून हातात दिलं आणि ताकाचा ग्लास तोंडाला लावला. सर ते पान डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. 'विचारायचं' उजवीकडे झुकलं होतं, नेहमीसारखंच. म्हणजे ती नाही. पण म्हणजेच तीसुद्धा असू शकते, कारण जिला झुकवून लिहिता येतं ती उभंही लिहू शकते. "काय बघताय एवढं? नंबर चुकला का?" तिने विचारलं. "नाही, बरोबर आहे," सर म्हणाले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. चोराने फौजदाराची परीक्षा घ्यावी तसं चाललं होतं हे. चोर हा शब्द मनात आला आणि सर दचकले. चोर का म्हणून? काय चोरलं होतं त्यांनी?

वाईट नवरा ते कधीच नव्हते. हात उगारला नाही, शिवी दिली नाही, पगार तिच्या हातात ठेवला. तळेगावच्या सुशिक्षित घरातली मुलगी म्हणून तिला मान दिला, एम.ए. करायला लावलं, मुलगी झाली तेव्हा शाळेत पेढे वाटले. आसावरी आज बंगलोरला नोकरी करते, आवडेल त्याच्याशी लग्न कर, नाहीतर करूच नकोस, असं तिला सांगणारा बाप पंचक्रोशीत दुसरा दाखवा. आणि त्या बाबतीत म्हणाल तर सरांच्या आठवणीत सगळं गोड होतं. वडगावची भाड्याची खोली, तिच्या केसांना येणारा शिकेकाईचा वास, बाहेर सायकलींच्या घंटा. तिने कधी नाही म्हटलं? दुधीवरेच्या खिंडीकडे गाडी वळत असताना सर आठवणींचा डबा ढवळत होते. नाही म्हटलेलं एकही आठवेना. त्यांना हायसं वाटलं. मग, हो म्हटलेलं आठवून बघावं म्हणून ते मागे गेले, तर तेही आठवेना. सगळीकडे ती होती, पण तिचा आवाज नव्हता. छताकडे बघणारी, नंतर साडीची नीट घडी घालून ठेवणारी, उठून पाणी पिणारी. तिचं तोंड त्या वेळी कसं दिसायचं ते त्यांना सांगता आलं नसतं. आणि मग, कुणी मागितली नसताना, एक दुपार वर आली. तिच्या वडिलांचा तेरावा उरकून ते दोघं तळेगावहून वडगावला परतले होते. रविवारच होता. तिने दार लावलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. सरांनी जवळ घेतलं. ती म्हणाली होती, "आज नको." म्हणाली होती की. स्पष्ट म्हणाली होती. आणि सर म्हणाले होते, "बरं वाटेल तुला. मन हलकं होईल." त्यांना खरंच तसं वाटलं होतं. तो धीर देणं आहे, असंच त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. त्यानंतर ती उठली, तोंड धुतलं आणि जमिनीवर बसून तांदूळ निवडायला लागली. घरात त्या दिवशी शिजवायचं काहीच नव्हतं, शेजाऱ्यांनी डबा दिला होता. तरी ती दिवेलागणीपर्यंत तांदूळ निवडत होती. सरांनी खिडकीची काच खाली केली. गरम वारा आत आला.

कैलासच्या अंगणात मांडव होता, पूजा आटोपली होती, पंगत बसायच्या बेतात होती. त्याची आई कस्तुराबाई सरोजिनीचा हात धरून आत घेऊन गेली. जेवताना मात्र सगळे एकाच पंगतीत बसले. कैलासची बायको कोमल वाढत होती. वरण वाढून झाल्यावर कैलासने विषय काढला. "सर, पंचायतीत ठराव आनायचा चाललाय. लग्नाचा दाखला बघितल्याबिगर जोडप्याला तंबू द्यायचा न्हाई म्हनं. तुमचं मत काय? तुमी म्हनाल तसं मी मांडतो." एरवी सरांनी या प्रश्नावर वीस मिनिटं घेतली असती. सज्ञान व्यक्तींचं स्वातंत्र्य, घटनेची कलमं, दोन चुटके. आज ते म्हणाले, "बघू." तेवढ्यात भाताचं पातेलं हातात धरून उभी असलेली कोमल म्हणाली, "दाखला बघून काय कळतंय वो सर? मागल्या म्हैन्यात नवीकोरी नवरी आलती, हातावरची मेंदी बी उतरली नव्हती. सकाळी बगते तर तंबूच्या बाहीर बसल्याली. च्या दिला तर म्हनली, ताई, आत जावंसं वाटंना. तिच्यापाशी दाखला असंलच की." कैलास हसून म्हणाला, "हिला समदं बाहीरच दिसतं." सरोजिनी हसली नाही. घास तसाच हातात धरून तिने विचारलं, "मग तू काय केलंस?" "काय करनार काकू? बसले तिच्याजवळ. ऊन चढंपातूर बसले." कस्तुराबाई मिठाची वाटी पुढे सारत म्हणाली, "आमच्या टायमाला तर बसाया बी कुनी न्हवतं." सरांना वाटलं, या तिघींना ठाऊक आहे. काय ठाऊक आहे ते त्यांना सांगता आलं नसतं, पण ठाऊक आहे, आणि त्यांनी मान वर केली तर तिघी त्यांच्याकडेच बघत असतील. त्यांनी मान वर केली. कस्तुराबाई लिंबाची फोड शोधत होती.

जेवण झाल्यावर कैलासने हौसेने सगळं दाखवायला घेतलं. तंबू, न्हाणीघरं, पाण्याची टाकी. "आन् बुकिंग समदं कोमल बगती. दाव गं सरांना." कोमलने कमरेच्या पिशवीतून वही काढून सरांच्या पुढे धरली. पानाच्या वर निळ्या कमळांची किनार होती. सरांनी वही हातात घेतली, उलटीसुलटी केली. "ही कुठून आणली?" त्यांचा आवाज जरा चढला असावा, कारण कोमल बावरली. "काकूंनीच दिली की, सर. संक्रांतीला. हळदीकुंकवाचं वान." मागून सरोजिनी म्हणाली, "तुळशीबागेतून पन्नास आणल्या होत्या. बायकांना चमचे-वाट्यांचा कंटाळा आलाय म्हटलं, काहीतरी लिहायला देऊ. मंडळातल्या झाडून सगळ्या आल्या होत्या. विधवांनाही मी बोलावते, तेही तुम्हाला माहीत नसेल. हळदीकुंकू म्हटलं की तुम्ही घर सोडून पळता." सर हसले. मोठ्याने हसले, इतके की कैलासही उगाच हसला. पन्नास वह्या! म्हणजे मावळातल्या पन्नास घरांत निळी कमळं फुलली होती आणि हा शहाणा माणूस सकाळपासून एकाच घरात शोधत बसला होता. संक्रांतीला घरात काय लुटलं जातं हे बघायला एकदा जरी थांबले असते, तरी हा ताप झाला नसता. त्यांनी परत जाऊन वाटीभर शिरा मागून घेतला. खाता खाता ते मंडळातल्या बायका एकेक करून डोळ्यांपुढे आणायला लागले. चिटणीसबाई असतील? त्यांचा नवरा जरा रांगडाच. की कोपऱ्यात बसणाऱ्या त्या पोस्टातल्या बाई? कुणीही असो, त्यांना त्या नवऱ्यांची कीव आली. काय एकेक माणसं असतात.

परतताना त्यांचं मन इतकं हलकं झालं होतं की ते पोटात ठेवणं त्यांना जमेना. खिंडीच्या अलीकडे रस्ता जिथे जरा रुंद होतो तिथे गाड्या खोळंबल्या होत्या, वर कुठेतरी बस वळणात अडकली होती. सरांनी इंजिन बंद केलं. "आज तुझ्यामुळे काय घाम फुटला मला, सांगू?" ते म्हणाले आणि खिशातून चिठ्ठी काढून तिच्या मांडीवर ठेवली. "मला वाटलं ही तुझीच. कागद बघून. अक्षरसुद्धा मुद्दाम बदललंस असं वाटलं. लोहगडवाडीला तुझ्याकडून लिहून काय घेतलं, वेड्यासारखा..." सरोजिनीने चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला नाही.

"ही तुम्ही वाचली नाहीत सकाळी," ती म्हणाली.

"नाही. म्हणजे, वेळ झाला होता."

"ती बाई तिथे बसली असेल. तीस चिठ्ठ्या होईपर्यंत. आता माझी येईल, आता माझी येईल म्हणून." तिने चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून हाताने सारखी केली. "संपल्या म्हणालात तुम्ही. तिला काय वाटलं असेल?"

सरांना याचा विचार शिवलाही नव्हता. सकाळपासून एकतीस माणसांच्या चेहऱ्यांवरून त्यांनी संशयाचा दिवा फिरवला होता, पण तिथे कुणीतरी वाट बघत बसलं असेल हे त्यांना दिसलं नव्हतं. ते काहीतरी म्हणायच्या बेतात होते, पुढच्या वेळी वाचू, असं काहीतरी, तोच ती म्हणाली, "ही माझी नाही."

"तेच तर म्हणतोय मी. कोमलकडे वही बघितली आणि..."

"माझी नाही," ती पुन्हा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, रागही नव्हता त्यात. "पण वही तर तुम्ही आता बघितलीत. सकाळपासून ती माझीच का वाटली तुम्हाला?"

समोरच्या टेम्पोत कुणीतरी गाणं लावलं होतं, ते बंद झालं. सरांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. कागद, कमळं, झुकलेलं अक्षर, उभं अक्षर, सगळी उत्तरं त्यांच्याजवळ तयार होती आणि एकही देता येत नव्हतं, कारण खरं उत्तर त्यांना माहीत होतं. चिठ्ठी वाचता वाचता, कमळं दिसायच्या आधीच, ते माहीत झालं होतं. त्यांना तेरावा आठवला, तो तांदूळ आठवला, आणि तीही तेच आठवत असेल का, ही शंका आली. मग शंकाही उरली नाही. एवढं आयुष्य दुसऱ्यांची चूक लाल शाईने दाखवण्यात गेलं, आणि त्या बंद गाडीत त्यांना साधं "चुकलो" म्हणता येईना. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

सरोजिनीने चिठ्ठीची घडी घातली आणि ती सरांना परत न देता स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. "पुढच्या सभेत मी वाचते," ती म्हणाली.

"तू?" सरांच्या तोंडून निघून गेलं. "आणि कुणी विचारलं, कुणाची म्हणून? लोक विचारणारच. तर्क लढवतील."

"तर माझी म्हणेन," सरोजिनी म्हणाली. "टेम्पो गेला पुढे. गाडी काढा आता, मागे रांग लागलीये."